पिशवीवाल्याचं झुडूप

१४ मार्च, मंगळवार. सकाळी गॅस संपला. पिशवीवाल्याला घेऊन गाडी दुपारी गेली. संध्याकाळी भावजी आले. रडतील वाटलं होतं, पण हसत होते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, प्राणिसंग्रहालयात नोकरीला. पिशवीवाला हा त्यांच्याकडचा सशाएवढा, लांब कानांचा प्राणी. खरं तर मादी, पण नाव पडलं ते पडलं. पोटाला कांगारूसारखी पिशवी, तीही मागच्या बाजूला उघडणारी. बीळ खणताना पिल्लाच्या तोंडात माती जायला नको. भावजींनी लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचे, "वहिनी, एकाचंच करता करता पुरेवाट होते."

अडचण एवढीच, की स्वारी दिवसभर बिळात झोपे. लोक मातीचा ढीग बघून तोंड वाकडं करत. "आळशी नाही हो तो, त्याची रात्रपाळी असते," भावजी समजावत. कोण ऐकतंय! निदान लोकांनी क्षणभर थांबावं म्हणून त्यांनी बिळाच्या तोंडाशी पिवळ्या फुलांचं झुडूप लावलं. ते असं फोफावलं, की जाळीपुढे गर्दी व्हायला लागली. एका बाईने तर लेकीला झुडपाकडेच बोट दाखवून सांगितलं, "हा बघ तो प्राणी. झोपलाय."

साहेबांनी बोलावलं तेव्हा भावजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

साहेब म्हणाले, "झुडूप बघा, दिवसभर ड्यूटीवर. खायला मागत नाही, उकराउकर नाही, डॉक्टर लागत नाही. आणि तुमचा प्राणी? त्याला दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात पाठवू, त्याच्या जागी आणखी झुडपं लावू."

"साहेब, झुडूप त्याच्यासाठीच होतं. मीच लावलं."

"अरे वा! मग बागेत तुमचीच गरज आहे."

"मला त्याच्याबरोबर पाठवा."

"तिथे त्यांचा माणूस आहे हो."

झालं. आज दुपारी भावजींनी खोका स्वतः उचलून गाडीत ठेवला. पिशवीवाला अर्थातच झोपलेला होता; निरोपबिरोप काही नाही. गाडी गेल्यावर ते माळी म्हणून कामावर रुजू झाले.

आणि संध्याकाळी दारात उभे, दोन्ही हातांत मावेना एवढा फुलांचा भारा घेऊन.

"अहो, हे काय? झुडपावर काही ठेवलंत की नाही?"

"चार खुंट ठेवलेत. छाटलं की जोमानं येतं म्हणतात, वहिनी."

"कधी?"

"येईल की पुढच्या वर्षी." मग भारा खाली ठेवत, "तिथली माती भुसभुशीत असेल ना हो?"

असेल म्हटलं. मला काय ठाऊक!

फुलदाणीत मावली नाहीत. बादलीत ठेवली आहेत. कपडे उद्या भिजवायचे.