रोज शंभर, पूर्ण ताकदीनं

माझ्या थोरल्या भावावर अन्याय झाला तो शिमग्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेसात वाजता, खाडीलगतच्या एका नऊ होलच्या गोल्फ मैदानावर. वेळ पक्की सांगते, कारण दादाने तिथूनच मला फोन केला होता. म्हणाला, एकशेचार आले गं, एकशेबारा पायजेत.

दादा तिथे कॅडी आहे. मेंबराची बॅग खांद्यावर टाकून चालायचं, गवतात गेलेला चेंडू हुडकायचा, वारा कुठून आहे ते सांगायचं. सोमवारी मैदान मेंबरांना बंद. त्या दिवशी कॅडी खेळतात, मेंबरांनी टाकून दिलेल्या काठ्या घेऊन. जुना रिवाज आहे. त्या सोमवारी अंधेरीच्या एका ट्रेनिंग सेंटरचा कोच आला. त्याला हाताखाली शिकवणारा माणूस हवा होता. चेंडूमागे त्याने मोबाइलएवढी एक डबी ठेवली. काठी किती वेगाने फिरली, ते ती ताशी मैलांत दाखवते. वेग जास्त तर चेंडू लांब, एवढा सरळ हिशोब. महिन्याने येतो, एकशेबारा दाखव, नोकरी तुझी, असं तो दादाला म्हणाला. वेग वाढवायचा कसा, हे दादाने विचारलं. उत्तर एका वाक्यात उरकलं:

'रोज शंभर मार, पूर्ण ताकदीनं.'

सरावाला डबी देऊन तो निघून गेला.

आता कॅडींचा एक समज ऐका. जड फिरवलं की हलकं आपोआप पळतं. म्हणून दादाने आमच्या घाटकोपरच्या गल्लीत चाललेल्या बांधकामावरून लोखंडी सळई मागून आणली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि दुपारी चारला गच्चीवर सुरू झाला. उजवीकडून डावीकडे, शंभर वेळा. मग काठीने डबीसमोर दहा.

आम्ही शेवटच्या मजल्यावर राहतो. सळईचा आवाज स्लॅबमधून खाली यायचा. आधी नुसतं सूं. आठवड्याने तो आवाज बारीक झाला, धारदार झाला. वरची कबुतरं गेली ती परत आलीच नाहीत. शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे चारच्या आत काढायला लागल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काही नाही गं, बरं वाटत नाही तिथे.

तिसऱ्या आठवड्यात दादा जेवताना ताटासमोर किंचित वळायचा. डावीकडे, परत मधे. त्याला पत्ताच नसायचा. दुपारी डोळा लागला तरी कंबर हलायची, झोपेत, तालात. मी हाक मारली की थांबायची. एकदा बाबा दारात उभे राहून बघत होते. बाबा हसतमुख माणूस, पण त्या दिवशी हसले नाहीत. हळूच मालवणीत म्हणाले, 'ह्येका कोणतरी फिरयता.'

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारी पोरगी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी जे पाहिलं ते लिहिते. एकदा मी चहा घेऊन वर गेले. दादा काठी टेकवून उभा होता, डावा हात बरगडीवर दाबून. श्वास अर्धाच घेत होता. वारा नव्हता, आभाळात पाखरू नव्हतं. आणि त्याच्या मागच्या डबीवर आकडा आला, एकशेदहा. मग एकशेअकरा. कोणीही काही फिरवत नव्हतं.

'बघितलंस?' दादा म्हणाला. 'एकच राहिला.'

मी त्याचा हात धरला, खाली चल म्हणाले. त्याने हात सोडवला आणि फटका मारला. या वेळी सूं झाल्यावर अजून एक आवाज आला, ओली काटकी मोडावी तसा. तो दादाच्या आतून आला होता. डबीवर एकशेबारा होते.

डावीकडच्या बरगडीला तडा. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की हा एका दिवसाचा नाही, आधीपासून बारीक असणार, दुखत असताना मारत राहिला म्हणून वाढला. सहा आठवडे वळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे अंधेरीची नोकरी गेली आणि बॅगही गेली.

डबी परत द्यायला मी अंधेरीला गेले. औद्योगिक वसाहतीतला गाळा, आत खिडक्या नाहीत, पांढरा उजेड, छतापासून जाळ्या. एक मेंबर शिकत होते. आधी बराच वेळ त्यांनी रबरी पट्टा ओढला, कंबर आणि खांदे सैल केले. मग पोकळ, हलकी काठी हातात. पाच उजवीकडून, पाच डावीकडून. मग खुर्चीत बसून विश्रांती. मग थोडी जड काठी, तीही मोजकीच. कोच सारखा विचारत होता, कुठे ओढ लागतेय का सर, लागली तर थांबू. शेवटी म्हणाला, उद्या हात लावायचा नाही, परवा या.

त्याला सगळं ठाऊक होतं.

ते गेल्यावर मी विचारलं, हे माझ्या भावाला का नाही सांगितलंत? त्याला राग आला नाही. डबी पुसत तो म्हणाला, 'कॅडी लोक काटक असतात. त्यांना हे लागत नाही.'

मी बरंच बोलले. तो ऐकत होता, म्हणजे माझ्या डोक्यावरून जाळीकडे बघत होता. पुढच्या सोमवारी त्याने तीच डबी दुसऱ्या कॅडीला दिली. तो पोरगा सळई मागायला आमच्या घरी आला. दादाने दिली नाही. खुर्चीतूनच त्याला सगळं सांगितलं, आधी अंग सैल कर, हलकी काठी घे, दोन्ही बाजूंनी मार, दुखलं की थांब, एक दिवस सोड. पोरगा मान हलवत होता. निघताना म्हणाला, पण सरांनी शंभर सांगितलेत ना यार.

सर लोकांचं तो ऐकतो. म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुम्ही गोल्फ खेळत असाल, तर या शनिवारी पहिला फटका मारण्याआधी तुमची बॅग तुमच्या कॅडीच्या खांद्यावरून उतरवा, तुमच्या कोचने तुम्हाला शिकवलंय ते सगळं त्याच्यासमोर करा आणि त्याच्याकडून करून घ्या. पायऱ्या गाळू नका. आणि त्याचा हात बरगडीवर गेलेला दिसला, तर तिथेच खेळ थांबवा.