बाहीच्या आतलं रक्त

“आठवी नापास तू. तू मला पोरींची मनं शिकवणार?”

होस्टेलच्या मॅडम नाश्त्याच्या रांगेसमोर बोलल्या. पोरी हसल्या. एक म्हणाली, “डॉक्टरीण मावशी!” मीही हसले. सवय होती.

मी हिवरखेडची. अमरावतीत कुणी ओळखीचं नव्हतं तेव्हा ह्याच मॅडमनं काम दिलं, खोली दिली. उपकार मोठे. भीतीही तेवढीच.

काम पोरींचे कपडे धुण्याचं. त्यात अकोल्याची एक, इंजिनीअरिंगची. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या. ताट तसंच परत. मोबाईलमधून मान वर नाही. बाह्यांना आतून रक्त लागलेलं असायचं. आमच्याकडं पोरीच्या कपड्यावरचं रक्त कुणाला दाखवत नाहीत, विचारत नाहीत. गुपचूप धुवायचं. मी मीठ लावून, थंड पाण्यात, सगळं काढलं. वाटायचं, पोरीची लाज राखतेय.

एक दिवस ती तारेवरचे कपडे काढत होती, तेव्हा तिची बाही सरकली. हातावर रेघा. काही जुन्या, काही ओल्या. तेव्हा कळलं, मी काय धूत होते.

मॅडमला सांगितलं, पोरीचं मन ठीक नाही, हात कापून घेते. त्यांनी तिचे कपडे मागवले. सगळे स्वच्छ. “कुठंय रक्त? पोरीचं नाव खराब करतेस?” आणि दुसऱ्या सकाळी ती नाश्त्याची रांग.

ती पोरगी रांगेतच होती. ती हसली नाही. बाही खाली ओढत राहिली.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. नुसती चालत तिच्यापाशी गेले.

“काहून करतं वं माय असं?”

“मावशी, जाऊ दे न.”

“नाही जाऊ देत. चाल दवाखान्यात. मी हाओ संगं.”

मॅडम ओरडल्या, “गेटबाहेर गेलीस तर परत येऊ नकोस!”

“तुमचे उपकार हायेत मॅडम. पण हिले नेतो.”

दवाखान्यात नंबर लागायला तासभर गेला. मग डॉक्टरबाईंसमोर तिनं स्वतःच बाही वर केली.

माझं काम गेलं. पुढं तिचं काय झालं, मला कुणी कळवलं नाही.

आता दुसऱ्या होस्टेलात धुते. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमला सांगितलं, “कपड्यावर रक्त दिसलं तर मी पोरीले इचारीन. मंग तुमाले सांगीन. तुमी हसल्या, तं मीच तिले दवाखान्यात नेईन. ठेवाचं असंन तं ठेवा.”