मानेवरचा मान

"माझ्या दादा रंऽऽ! न सांगता कसा गेलास रंऽऽ!"

आत्या गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झाली होती. तिचा आवाज असा, की ती वडीगोद्रीला रडली तर अंबडच्या स्टँडवर ड्रायव्हर ब्रेक दाबायचा. मागं पाच-सहा बायका, पदर तोंडाला. दारात येऊन तिनं ऊर बडवायला दोन्ही हात वर नेले आणि ते तसेच राहिले. ज्याच्यासाठी रडायचं तो तिचा दादा, म्हणजे माझा बा, ओसरीवर बसून ठेच्याशी भाकर खात होता.

बाला तेव्हा कमी ऐकू यायचं. "कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"तूच की रं!"

"कव्हा?"

ह्या बातमीचा उगम माझ्या कपाळावर होता. ते नीट सांगितलं पाहिजे.

गावात देवीची घागर न्यायचा मान आमच्या घराचा. चैती पुनवेला बारवेचं पाणी तांब्याच्या घागरीत भरायचं, ती डोक्यावर घ्यायची आणि अर्धा कोस चालून देवळात न्यायची. हात लावायचा नाही. हात लागला किंवा थेंब सांडला, की मान भावकीत. बानं तीस वर्षं घागर नेली. एका साली म्हणे होल्यानं घागरीच्या काठावर घरटं केलं आणि बा देवळात पोचेस्तोवर पिल्लं उडून गेली. इतकी ती मान स्थिर. मी त्यातलं एक पीस पाहिलेलं आहे.

मग बाचे गुडघे गेले आणि पाळी माझ्यावर आली. मी कोण, तर शिलाईवाला. वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर सोळा वर्षं मशीनवर वाकलेला. जगात एवढी मान खाली घालून एकतर चोर जगतो, नाहीतर टेलर. त्यात दिवाळीपासून मान ठणकायला लागली होती. खांद्यातून मुंग्या निघायच्या त्या अंगठ्यापर्यंत. सुईत दोरा जाईना. एकाच्या पायजम्याचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून टाकले. तो माणूस घरी उड्या मारत गेला.

पण खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. सकाळी चहाची कपबशी हातातून सुटायची आणि सुटली हे आवाजावरून कळायचं. बा बाजारात बैलाच्या खांद्याकडं बघावं तसा माझ्या मानेकडं बघायचा. ती नजर पाठीवर घेऊन मी रोज दुकानाला जायचो आणि पुनव किती दिवसांवर आली ते मोजायचो.

शेवटी मान घट्ट करायला मी अक्कल चालवली. वरवंटा पिशवीत घातला, पिशवीचे बंद कपाळाला बांधले आणि गोठ्यामागं लपून डोकं खालीवर करायला लागलो. चौथ्या दिवशी मान जी उजवीकडं वळली ती तिकडंच राहिली. गिऱ्हाईकाशी बोलायचं तर मला भिंतीकडं तोंड करून बसावं लागे.

बायको म्हणाली, "अवो, मान घट करून राह्यले का मोडून राह्यले? आन् तो वरवंटा द्या हिकडं, चटणी वाटायची हाय."

तिनंच मला जालन्याला नेलं. तिथं व्यायामाच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. मान चाचपून त्यांनी विचारलं, "डोक्यावर ओझं उचलता का?"

"शिलाईवाला माणूस मी. डोक्यावर टोपीशिवाय काय असणार?" मी सफाईनं थाप मारली. घागरीचं सांगितलं असतं तर बाईंनी तिथंच बंदी घातली असती. बायकोनं टेबलाखालून चिमटा काढला, तोही मुंग्यांच्याच हाताला, म्हणून कळला नाही.

आठ दिवस शेक आणि आराम झाला. मग बाईंनी शिकवलं. "तळहात कपाळाला लावा. हातानं हलकं दाबा आणि डोक्यानं तेवढंच अडवा. मान हलता कामा नये. दहा अंक मोजा, सोडा. मग एकेका कानाच्या वर हात, मग डोक्याच्या मागं. श्वास कोंडायचा नाही. काम डोळ्यांसमोर येईल असं वर घ्या, मशीनखाली विटा लावा. वजन बिलकुल बांधायचं नाही. आणि मुंग्या हातात उतरल्या की त्या क्षणी थांबायचं. मोजणी पुरी करत बसायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. रोज."

एवढ्याशा दाबानं उंदराची तरी मान घट होईल का, असं मला वाटलं. पण दुसरं काही हातात नव्हतं. दिवसातून तीनदा दुकानात बसून करायला लागलो. डोळे मिटलेले, हात कपाळाला, ओठ पुटपुटताहेत. आमच्याकडं माणूस भर दुपारी असा बसला तर त्याचं एकच कारण असतं.

पहिल्या दिवशी चहावाल्यानं न मागता चहा आणून ठेवला. मला वाटलं, माणूस सुधारला. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं चपला काढून दुकानात येऊन गप बसून गेले. तिसऱ्या दिवशी रसवंतीवाल्यानं विचारलं, "म्हातारा लई थकला व्हता का?" मी सातावर होतो. मान हलवायची नव्हती. म्हणून नुसता सुस्कारा सोडला. तो सुस्कारा दुपारच्या एसटीनं तीर्थपुरीला आत्याकडं पोचला.

तर आत्या दारात आणि बा जेवतोय.

"मुडद्या," आत्या माझ्यावर फिरली, "कपाळाला हात लावून कोणाचं सुतक पाळून राह्यला?"

मी सगळं सांगितलं. बायका चहा पिऊन हसत गेल्या. बा हसला नाही. "घट व्हईल का?" एवढंच त्यानं विचारलं. मी "व्हईल" म्हणालो. बाईंना मारली त्याहून ही मोठी थाप होती.

पण मान सुधारत गेली. मुंग्या खांद्यापाशीच थांबायला लागल्या. पुनवेच्या आठवड्यात दोरा पहिल्या झटक्याला सुईत गेला आणि मी गिऱ्हाईकासमोर रडलो. घागरीखालची चुंबळ मखमलीची शिवली, सात पदरी.

पुनवेला बा ओसरीवर वाजंत्रीकडं कान देऊन बसला. मी निघालो. शेजारून चुलतभाऊ चालत होता, रेड्याच्या मानेचा. "बराबर चाल दादा, मी हाय," तो म्हणाला, आणि तो वाईट माणूस नव्हता हेच वाईट होतं. चावडीपर्यंत घागर हलली नाही. पुढच्या वळणावर देवळाचा झेंडा दिसला, शंभर पावलांवर. तिथं मुंग्या सुटल्या. खांदा, दंड, कोपर. मी देवीला म्हणालो, शंभर पावलं दे, मग हात घेऊन जा. ऐंशीव्या पावलाला बोटं नाहीशी झाली. घागर डोक्यावर होती आणि ती झेलायला मला उजवा हात नव्हता. पुढं पोरी ओवाळायला उभ्या होत्या. बाईंचा आवाज आला: त्या क्षणी.

मी थांबलो. वाजंत्री थांबली.

"घे," मी चुलतभावाला म्हणालो.

त्यानं घागर माझ्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घेतली. एक थेंब सांडला नाही. बाकी गोष्टीत मी पदरचं घातलं असेल, ह्यात नाही.

घरी गेलो, पण ओसरी चढवेना. गोठ्यात बसून राहिलो, गाईच्या तोंडाकडं बघत. मग बासमोर जाऊन उभा राहिलो.

"बा, मान गेला."

बानं कानामागं हात धरला. "गेला, का गेली?"

"गेला."

बानं एकदा माझ्या मानेकडं पाहिलं.

"मंग हात धू," तो म्हणाला. "भाकर निवून राह्यली."