चालणाऱ्यांचा रकाना

मी कंत्राटी मोजणीदार. राहतो शहरात, उस्मानपुऱ्यात, आणि सांगतील त्या रस्त्यावर खुर्ची टाकून वाहनं मोजतो. कोणत्या रस्त्याला केंद्राचा निधी द्यायचा, हे त्या आकड्यांवर ठरतं म्हणे. यंदा सोयगावकडचा एक रस्ता माझ्या वाट्याला आला, तोही नेमका थोरल्या बहिणीच्या गावचा.

त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ सवयीनं. खड्ड्यांपायी एसटीनं गाव सोडलं. भाची कॉलेजला जायची. रोज तासभर चालून फाटा गाठायचा, तिथून बस. दाजींनी तिला बजावलं होतं, "गावात बस आली तर शीक, नाय तर पुढचं वर्ष विसर." त्यांना तरी काय बोलणार? पोरगी अंधार पडल्यावर घरी पोचायची.

मोजणीचं कळलं आणि गाव कामाला लागलं. बहिणीच्या शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर सकाळपासून नुसता इकडून तिकडं. अकराव्या फेरीला काका ओरडले, "लिव बाबा, डिझल संपत आलं!" मी लिहिलं. खोटं कुठं होतं? ट्रॅक्टर खरंच जात होता.

संध्याकाळी भाची फाट्याकडून चालत आली. सोबत कॉलेजच्या पोरी, बाजार करून परतणाऱ्या बाया. तिनं माझ्या कागदात डोकावलं.

"मामा, आमाला बी लिवलं का? नऊ जणी हावोत."

वरून आलेल्या त्या फॉर्मात ट्रकला रकाना होता, बैलगाडीला होता, सायकलीलाही होता. चालणाऱ्या माणसाला नव्हता. साहेबांना मी आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, "आहे तेवढं भर." रस्ताच नाही म्हणून वाहनं नाहीत, आणि वाहनं नाहीत म्हणून रस्ता नाही. इतका संताप आला होता, पण काढणार कुणावर?

"व्हय, लिवलं," मी म्हणालो. पोरी खूश होऊन गेल्या.

पुढं निधीची यादी आली. शहराजवळचा गुळगुळीत चौपदरी रस्ता सहापदरी होणार होता. आमच्या रस्त्यापुढं शेरा होता, 'पुरेशी वाहतूक नाही.' दोन दिवस मी बहिणीला फोन करायचं टाळलं. शेवटी तिचाच आला. यादीचं तिनं विचारलंच नाही.

"पोरीचं जमलंय," ती म्हणाली. "रविवारी साखरपुडा हाय. लवकर निघ, फाट्यापसून चालावं लागतंय."