दादाच्या अंगठ्याचं रीळ

हां, तर काल कुठवर आलो होतो? वहिनींनी रीळ टेलरमास्तरांच्या कापायच्या टेबलावर आणून ठेवलं, इथवर. रीळ म्हणजे शिलाईच्या दोऱ्याचं नव्हे, गळाच्या काठीवरचं, दोरा गुंडाळायच्या चाकाचं; मास्तरांच्या थोरल्या भावाचं. दादा बस चालवायचा आणि सुट्टी मिळाली की तळ्यावर बास जातीचे मासे धरायला जायचा. हिवाळ्यात झोपेतच गेला. मागे राहिलेली गळाची काठी वहिनींनी एक दिवस तळ्यावर नेली, आणि पहिल्याच फेकीला अशी जटा झाली की रीळ काढून त्या तडक दिराच्या दुकानात आल्या.

‘जटा’ हा दादाचाच शब्द. आमिष हवेत मंदावतं, रिळाचं चाक मात्र आपल्याच नादात भिरभिरत राहतं, आणि सुटलेला दोरा स्वतःलाच गुरफटून घेतो. त्याला तो जटा म्हणायचा.

मास्तरांनी सुईच्या टोकाने जटा सोडवली. मग चष्मा पुसला. अवघड बोलायचं असलं की ते आधी चष्मा पुसायचे. म्हणाले, “बिघडलंय, वहिनी. राहू द्या इथेच.”

बिघडलं काहीच नव्हतं. आमिष लोंबतं ठेवून चाक मोकळं करायचं बटण दाबलं की ते दगडासारखं खाली आदळायचं आणि चाक पुढे फिरतच राहायचं, कारण मुठीजवळचा पेच पार सैल होता आणि पलीकडची ब्रेकची चकतीही पूर्ण सोडलेली. दादाने मुद्दाम तसं ठेवलेलं. त्याचा अंगठा चाकावर असा अलगद टेकायचा की बाकी कशाची गरजच पडायची नाही.

पेच आवळला की काम झालं असतं. पण मास्तरांचा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. मशीनला माणसाचा हात बसतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एकदा बायकोने उशीचा अभ्रा शिवायला त्यांच्या मशीनचा दोऱ्याचा पेच फिरवला, तर गृहस्थ जेवायला बसले ते भिंतीकडे तोंड करून. आता दादाचा पेच फिरवायचा म्हणजे त्याचा हात पुसून टाकायचा. रीळ फळीवर खडूंच्या डब्याशेजारी बसून राहिलं.

“झालं का, भाऊजी?”

“पार्ट मिळत नाही.”

“पडदे शिवायला दिले तेव्हाही दोराच मिळत नव्हता तुम्हाला. उन्हाने आमचे डोळे दिपायची वेळ आली होती.”

पण एके दुपारी वहिनी आल्या त्या थट्टा न करता स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “मी रोज जाते तळ्यावर. ते उभे राहायचे तिथे उभी राहते. हात रिकामे बघून लोक विचारतात, बाई, काय झालं, कुणाला शोधताय? काठी हातात असली की कुणी विचारत नाही हो.”

मास्तरांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच परत आला. त्यांनी रीळ खाली काढलं. चाकावर स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला, क्षणभर तसाच ठेवला. मग पेच आवळला.

वहिनी घरून काठी घेऊन आल्या. मास्तरांनी तिच्यावर रीळ चढवलं आणि दोघं दुकानामागच्या बोळात गेली. शिंप्याला सैल दोरा खपत नाही, त्यामुळे पेच जरा जास्तच आवळला गेला होता. वहिनींनी काठी झोकली, आमिष पायाशीच पडलं.

“भाऊजी, मासे काय माझ्या चपलेत राहतात?”

मास्तरांनी पेच केसभर सोडला. बटण दाबून पाहिलं. पुन्हा केसभर. असं करता करता आमिष सावकाश खाली उतरलं, जमिनीला टेकलं, आणि त्याच क्षणी चाक आपोआप थांबलं. मग त्यांनी ब्रेकची चकती बरीच वर नेली, म्हणजे ब्रेक चांगला घट्ट केला.

“सराव होईल तशी ही चकती थोडी थोडी खाली आणा. आणि आमिष पाण्याला टेकायच्या आत अंगठा ठेवायचा. दाबायचा नाही, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा.”

वहिनींनी पुन्हा झोकली. दोरा बोळभर सरळ गेला. जटा नाही. त्यांनी सावकाश गुंडाळून घेतला, आणि काही वेळ त्या लहानशा पेचाकडे बघत राहिल्या.

“भाऊजी, खरं सांगा. बिघडलं काय होतं?”

मास्तरांनी गळ्यातली टेप उगाच सारखी केली. म्हणाले, “काही नाही, वहिनी. दादाचा हात बसला होता त्याच्यावर, तो माझ्याने निघेना. आता तुमचा बसू दे.”