जात्यातले मूठभर तांदूळ

आमच्या घरात एक सण आहे, तो पंचांगात सापडायचा नाही. चैत्र सरता सरता एक दिवस आम्ही सगळे सकाळीच घराबाहेर पडतो, दार नुसतं लोटून घेतो आणि दिवे लागेपर्यंत परत फिरकत नाही. गावातले लोक हसतात. हसोत बापडे. त्यांच्या घरात कुणी दळत नाही.

गाठीच्या तापाच्या साली मुंबईची माणसं रेल्वेनं कर्जतला उतरून खालापुराकडच्या आमच्या गावापर्यंत पांगली, आणि मागोमाग घराघरात उंदीर मरून पडू लागले. सरकारी हुकूम निघाला, गाव सोडा. आम्ही भाताच्या रिकाम्या खाचरात पेंढ्याची झोपडी बांधली. आम्ही म्हणजे बाप, आई, मी आणि माझी सात-आठ वर्षांची धाकटी बहीण. घर सोडताना आईनं जात्याच्या तोंडात मूठभर तांदूळ घातले. जातं उपाशी ठेवून घर सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एरवी रोज पहाटे आई दळायला बसली की बहीण समोर फतकल मारायची आणि आईच्या हाताखाली खुंट्याला आपला हात लावायची. मदत कसली, लुडबूडच ती. पण तिला वाटायचं, जातं आपणच फिरवतो.

झोपडीत तिला ताप भरला. काखेत गाठ आली. शेवटी शेवटी ती एकच बोलत होती, "आये, घरी चल ना गं." आई म्हणायची, "जाऊ गं, उद्या जाऊ." ती झोपडीतच गेली.

गावात परतायची परवानगी मिळाली तेव्हा चैत्र सरत आला होता. दाराचं कुलूप बापानं स्वतः काढलं. आत कोंदट वास, कोळिष्टकं, जमिनीवर धुळीचा थर. जात्याभोवती मात्र ताजं दळण सांडलं होतं. पीठ नव्हे, भरड. अर्धवट फुटलेले दाणे. खुंट्यावर पिठाचा पांढरा हात उमटलेला. लहान हात. धुळीत पाऊल कुणाचंच नव्हतं.

"उंदीर असतील," बाप म्हणाला. गावात एक उंदीर जिवंत उरला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

आई उंबऱ्याबाहेरच बसली. "ती आलीय. आपुन आत शिरलो का ती जाईल. मी नाय येत."

संध्याकाळ झाली तरी ती हलेना. अन्नाला शिवेना. बाप तापट माणूस. आता हाताला धरून ओढतो की काय, असं मला वाटलं. पण तो तिच्या शेजारी बसला आणि बैलाचा सौदा करावा तसं म्हणाला, "वरसातून एक दीस घर तिचं. त्या दिशी आपुन कुणी फिरकायचं नाय. बाकीचे दीस आपले. चालंल?"

आईनं बराच वेळ आतल्या अंधाराकडे पाहिलं. मग आतल्या कुणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात ती म्हणाली, "चालंल."

तोच आमचा सण. पुढं त्याला आपोआप रीती चिकटल्या. शेतात तीन दगडांच्या चुलीवर भात करायचा. बहिणीला आवडायची म्हणून करवंदांची चटणी वाटायची. निघताना जात्यात मूठभर तांदूळ घालायचे आणि मागं वळून पाहायचं नाही. माझं लग्न झाल्यावर बायकोनं विचारलं, "ह्यो कंच्या देवाचा सण?" आई म्हणाली, "देवाचा नाय गं, पोरीचा." कुठल्या घरात येऊन पडले, असं बायकोच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. नंतर तांदळाची आठवण तीच करू लागली.

संध्याकाळी परतलो की दर वर्षी तीच भरड, तोच हात. हात मोठा होत नव्हता. मला भीती वाटायची. आईला भीती नव्हती, तिचा जीव तुटायचा. ती भरड बोटांत चोळून म्हणायची, "बघ रं, तिला एकटीला ओढत नाय. जातं जड हाय." आणि शेतात दुपार कलली की ती हटकून उठायची. "मी जाते. नुसता हात लावते." बाप तिचं मनगट धरायचा. "शबुद दिलाय आपुन." घराच्या बाजूनं घरघर ऐकू यायची का, ते मला विचारू नका. त्या वेळी आम्ही सगळेच उगाच मोठ्यानं बोलत असू, एवढं खरं.

बाप गेल्यावर मनगट धरायचं काम माझ्याकडे आलं. आईचं मनगट काटकीएवढं झालं होतं, पण ओढ तीच. ते धरताना मला स्वतःचाच राग यायचा.

मग एका पावसाळ्यात आईही गेली. पुढच्या चैत्रात सण करायचा की नाही, माझं ठरेना. बायकोनं काही न विचारता जात्यात तांदूळ घातले. शेतात त्या दुपारी कुणी उठलं नाही. माझा हात मात्र सवयीनं शेजारी चाचपडत राहिला.

दिवे लागायला परतलो. बायको जात्याशी वाकली, तिनं चिमूट उचलून बोटांत चोळली आणि ती तशीच थांबली. मी दिवा जवळ नेला. भरड नव्हती. भाकरीला घ्यावं असं मऊ, बारीक पीठ होतं. खुंट्यावर खाली लहान हात उमटला होता, आणि त्याच्यावर मोठा.