लोकांचं झालं, तुमचं सांगा

लंडनमधल्या हॅरोच्या त्या भागातली कुत्री मधुमतीबाई दाबक्यांना माणसांच्या आधी ओळखू लागली होती. बाईंचं कामच तसं. साडीवर जाडजूड कोट, काखेत फाइल, आणि दारोदार जाऊन इंग्रजांना विचारायचं: सरकारचं कसं चाललंय, इस्पितळं बरी आहेत का, शेजारी कसा असावा? लोकमताची पाहणी करणाऱ्या एका संस्थेनं चौऱ्याऐंशी साली त्यांना नेमलं, तेव्हा त्यांचे यजमान डॉक्टर श्रीनिवास हसले होते. "तुला कोण दार उघडणार?" पण इंग्रज माणूस मोठा मजेशीर! शेजाऱ्याशी वर्षभर हवेपलीकडे बोलणार नाही, आणि या अनोळखी बाईला चहा पाजून तासभर मन मोकळं करणार.

नियम मात्र कडक. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. उत्तर ऐकून भुवईसुद्धा हलवायची नाही. माणूस अडला तर 'आणखी काही?' एवढंच विचारायचं.

त्यातला एक प्रश्न असा: तुमच्या जवळच्या नात्यातल्या कुणी आशियाई माणसाशी लग्न केलं तर? हातात कार्ड द्यायचं. एक, खूप वाईट वाटेल, दोन, थोडं, तीन, अजिबात नाही. समोर साडीतली बाई बघून लोक बिचारे अवघडत. "मला काही नाही हो, पण लोकांना चालणार नाही." या घरात लोक म्हणजे समोरच्या घरातले, आणि समोरच्या घरात लोक म्हणजे या घरातले! बाई शांतपणे म्हणत, "लोकांचं झालं. तुमचं सांगा."

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये हा प्रश्न त्यांच्याच घरात शिरला. केंब्रिजला प्रयोगशाळेत नोकरी करणारी लेक मीनल शनिवारी आली आणि म्हणाली, "बाबा, मला कॉलिनशी लग्न करायचंय. तुम्ही येस म्हटलं की डेट बुक करू." डॉक्टरांनी जे वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते तीन शनिवार खाली केलं नाही. चौथ्या शनिवारी मीनल आईला म्हणाली, "आज आन्सर नाही मिळाला, तर मी घरी येणं बंद करते."

नवी प्रश्नावली आली की आधी घरच्या माणसावर तालीम करायची, असा बाईंचा रिवाज. त्याच संध्याकाळी बाईंनी या वर्षीची प्रश्नावली काढली, आणि डॉक्टर नेहमीप्रमाणे खुर्चीत बसले. इस्पितळांवर भरभरून बोलले, सरकारला चार शब्द ऐकवले. मग तो प्रश्न आला. पाच वर्षांत छापलेला शब्द न बदललेल्या बाईंनी 'आशियाई'च्या जागी 'इंग्रज' वाचलं.

"हे छापलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाहीच. कार्ड बघा."

"अगं, मराठी मंडळातले लोक काय म्हणतील? त्या अलकावहिनी तर गावभर..."

"लोकांचं झालं. तुमचं सांगा."

"मला काय! मी सुशिक्षित माणूस आहे."

बाईंची भुवई हलली नाही. पेन्सिल तशीच कागदावर टेकलेली. जिन्यात मीनल कान देऊन उभी.

"दोन नंबर," शेवटी डॉक्टर पुटपुटले. "थोडं."

"आणखी काही?"

"आणखी काय! नातवंडांना मी एखादी गंमत सांगणार, ती आधी इंग्रजीत घालायची, तोवर तिची मजाच जाणार. दिवसभर इस्पितळात इंग्रजीच बोलतो मी, मधू. घरात तरी..."

मीनल खाली आली. "बाबा, माझा मराठी काही ग्रेट नाहीये. मुलांशी बोलायचा ट्राय करीन. प्रॉमिस नाही देत."

तिनं खोटं वचन दिलं नाही, हेच डॉक्टरांना भावलं असावं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"उद्या जेवायला बोलव त्याला. आणि डेट की काय ती घेऊन टाका." मग म्हणाले, "मला थोडं वाईट वाटणार आहे, मीनू. ते वाटू दे. त्याचं माझं मी बघेन."